मामा का पडला

ट्यूनिस, ७ ऑक्टोबर १९९६

प्रिय मखलूफ मामा,

सलाम. पत्र मिळालं, सोबतचा वाळवलेला ऑक्टोपसही मिळाला. पोस्टमनने पुडकं दोन बोटांत धरून, तोंड फिरवून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "बाई, आत कुणीतरी गेलंय. अल्लाची मर्जी."

तू लिहिलंस की केरकेनातल्या बायका शलबिया मामीला विचारतात, "तुझी भाची एवढी औषधांची डॉक्टर, मग कुणाला साधं इंजेक्शन कसं देत नाही?" त्यांना सांग, मी माणसांना हात लावत नाही. त्यातच माणसांचं भलं आहे.

माझं काम तुला एकदा नीट सांगते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जणू बारीक बारीक कान असतात. माणूस घाबरला, चिडला, झटकन उठून उभा राहिला, की शरीरात ॲड्रेनालिनची आरोळी उठते: "आवळा!" कान ती ऐकतात आणि वाहिन्या आवळतात. त्या कानांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. काही औषधं या कानांत कापूस कोंबतात, मग आरोळी उठली तरी वाहिन्या सैल राहतात.

आता पुढचं मामाला लिहिण्यासारखं नाही, पण लिहिते. असलेच कान मूत्राशयाच्या तोंडाशीही असतात. म्हातारपणी पुरुषांची तिथे अडचण होते. रात्रभर उठायचं, आणि उठून उभंच राहायचं. कापसाची गोळी घेतली की वाट मोकळी होते. आमच्या रुग्णालयात दोन वर्षं कितीतरी म्हाताऱ्यांना ती दिली, त्यांचा रक्तदाब निजवून आणि उभं करून मोजला. आता त्या सगळ्या आकड्यांचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे आलंय. विभागात कॉम्प्युटर एकच आहे, आणि तो प्राध्यापक जल्लूल यांच्यापेक्षाही लवकर तापतो. एप्रिलमध्ये परिषद आहे. तिथे आमचा निबंध गाजला, तर मला एक वर्षासाठी फ्रान्समध्ये मोंपेलिएला जाता येईल.

मामीला सांग, मी जेवते. रोज विचारू नकोस म्हणावं.

तुझी,
रौदा

❖

केरकेना, २० ऑक्टोबर १९९६

रौदा पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मोठ्याने शलबियासमोर, आणि एकदा मनात. मधला भाग गाळूनच मोठ्याने वाचलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मध्येच असा थांबलास का? काही वाईट आहे का?" मी म्हटलं, "अक्षर वाईट आहे."

कानातल्या कापसाचं मात्र पटलं. लग्नानंतर सुरुवातीच्या वर्षांत मला असलं औषध मिळालं असतं तर आज मी तरुण दिसलो असतो.

आमच्या बेटावर असले आजार नसतात. समुद्राचा वारा, जवाची भाकरी, ऑलिव्हचं तेल. इथला म्हातारा ऐंशीव्या वर्षीही होडीच्या टोकाला उभा राहून वाऱ्याच्या दिशेने... जाऊ दे. तू शिकलेली मुलगी आहेस.

पण आपला शेजारी, तुझा अल्लाला काका, तो मात्र थोडा त्रासात आहे. त्याने कुणाला सांगितलेलं नाही, मलाच तेवढं सांगितलं. स्फाक्सच्या एका डॉक्टरने त्याला तुझ्यासारखीच काहीतरी गोळी दिली. पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजात सजद्यात कपाळ टेकून उठला आणि मशिदीचे खांब नाचायला लागले. पुढच्या माणसाचा झब्बा धरला म्हणून वाचला. झब्बा मात्र वाचला नाही. घाबरून त्याने गोळी सोडली. आता पुन्हा रात्रभर अंगणात येरझाऱ्या.

तर हा शेजारी विचारतो: तुझ्या त्या म्हाताऱ्यांपैकी कुणी पडतं का? सहज विचारतो. घाई नाही. पण टपालाची पुढची लाँच गुरुवारी सुटते.

तुझा मामा,
मखलूफ

ता. क. पोस्टातल्या फोनवर उत्तर देऊ नकोस. तो फोन एक जण कानाला लावतो आणि अख्खं गाव ऐकतं.

❖

ट्यूनिस, ४ नोव्हेंबर १९९६

प्रिय मामा,

अल्लाला काकांना माझा सलाम सांग, आणि म्हणावं, मशिदीत खांब नाचले तर दोष गोळीचा नसून आदल्या रात्रीच्या कुसकुसाचा असेल. अब्बा सांगायचे, काका एकटे एक परात संपवतात.

थट्टा पुरे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे, कारण ते मी स्वतः काढलंय. आमच्याकडे सहा महिने औषध घेतलेल्या म्हाताऱ्यांचा उभं राहिल्यावरचा रक्तदाब जवळपास जसाच्या तसा आहे. पडण्याची तक्रार जवळजवळ नाहीच. आलेख इतका सरळ आला की प्राध्यापक जल्लूल यांनी तो भिंतीवर लावला आणि सगळ्यांना कॉफी पाजली. ते कॉफी पाजतात म्हणजे काय, हे इथे येऊन राहिल्याशिवाय तुला कळायचं नाही.

तेव्हा काकांना सांग, बिनधास्त घ्या. ज्याला रोज रात्री झोप हवी त्याने एका गरगरण्याला भिऊन चालत नाही. कुणी हसलं तर म्हणावं, रौदाने सांगितलंय.

मोंपेलिएचं जवळपास नक्की दिसतंय. तिथे थंडी फार असते म्हणे. मामीला लोकरीचे मोजे विणायला सांग. दोन्ही एकाच मापाचे असले तर बरं.

तुझी,
रौदा

❖

केरकेना, १९ जानेवारी १९९७

प्रिय रौदा,

मी शलबिया. मामाला न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर माझ्या बहिणीच्या, मन्नानाच्या पत्त्यावर धाड.

तीन महिने मन मारून गप्प होते. आता रमजान चालू आहे, रोज्यात कुणावर आळ घेऊ नये, पण राहवत नाही. तुझा मामा दर काही आठवड्यांनी स्फाक्सला जातो. दाढी करून, अत्तर लावून. विचारलं तर म्हणतो, "जाळ्याचा दोरा आणायचाय." दोरा आणतो, इवलासा. एवढ्या दोऱ्यात मासा काय, माशी अडकणार नाही. आणि रोज संध्याकाळी रोजा सोडल्यावर खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकतो. "पुदिन्याची गोळी," म्हणतो. चाळीस वर्षांत या माणसाने तोंडाच्या वासाची काळजी केली नाही. आत्ताच कुणासाठी?

बाई असेल तर असू दे, मी बघून घेईन तिला. पण खरी गोष्ट दुसरीच आहे.

मागच्या आठवड्यात सकाळी तो आणि अल्लाला माशांच्या सापळ्याकडे गेले. खजुराच्या फांद्यांचं ते कुंपण तुला आठवत असेल, लहानपणी तू त्यात अडकली होतीस. मामा होडीत बसून जाळी सोडवत होता. उठून उभा राहिला आणि पोतं पडावं तसा पाण्यात गेला. पाणी गुडघाभर. गुडघाभर पाण्यात, रौदा, आणि तोंड खाली! अल्लालाने केस धरून वर काढलं. घरी आणला तेव्हा ओठ पांढरे होते. आडवा केला, पाय उशीवर ठेवले, तर थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणतो, "मासे घेतले का?"

इथल्या दवाखान्याचा नवा डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय, आता होडी बंद. तेव्हापासून तुझा मामा खिडकीशी बसून असतो. बोलत नाही. मी मुद्दाम मीठ जास्त घातलं तरी भांडत नाही. मला याचंच भय वाटतं.

तू औषधांची जाणती. मला एवढंच सांग, हे हृदय आहे का बाई आहे?

तुझी मामी,
शलबिया

❖

ट्यूनिस, २५ जानेवारी १९९७

प्रिय मामा,

अल्लाला काकांची तब्येत कशी आहे?

नाही, खरंच विचारते. कारण मला कळलंय की गोळी ते घेतात आणि पाण्यात तू पडतोस. अशी घट्ट दोस्ती मी अजून कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

मामीवर रागावू नकोस. तिने मला लिहिलं नसतं तर मी अजून भिंतीवरचा आलेख बघत बसले असते. तिचं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. उठून उभा राहिला, पडला, आडवा केल्यावर शुद्धीवर आला: हे तर मी परीक्षेत मुलांना विचारते, आणि कुणाला आलं नाही तर त्याच्यावर ओरडते.

आता नीट ऐक. तुझं हृदय थकलंय असं मला वाटत नाही. माझं पत्र आल्यावर तू सोडलेली गोळी पुन्हा एकदम पूर्ण चालू केलीस, आणि नंतरही मधून मधून सोडत-धरत राहिलास, हो ना? मध्ये खंड पडला की शरीर तिला विसरतं, आणि नव्याने पूर्ण गोळी म्हणजे सगळ्या कानांत एकदम कापूस. त्यात रोजा, पोटात पाण्याचा थेंब नाही. तू उठलास, शरीराने "आवळा!" म्हणून आरोळी दिली, ऐकायला कुणी नव्हतं. डोक्याकडचं रक्त पायांत उतरलं.

गोळी आजपासून बंद. स्फाक्सच्या डॉक्टरकडे जा, मामीला घेऊन जा, आणि पडल्याचं त्यांना सांग. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला गोळीबद्दल सांगितलंच नाहीस, तो बिचारा काय ओळखणार? बहुतेक ते थोड्या मात्रेने, निजताना घ्यायला सांगतील. आणि उठताना आधी बसायचं, मग थांबायचं, मग उभं राहायचं. पंतप्रधान उठतात तसं.

"बिनधास्त घ्या" हे मी लिहिलं होतं. ते वाक्य मला आता झोपू देत नाही.

एक प्रश्न विचारते, आणि यात थट्टा नाही. मशिदीत गरगरल्यावर तू डॉक्टरकडे परत का गेला नाहीस? मला तुझं खरं उत्तर हवंय. का ते पुढच्या पत्रात सांगेन.

तुझी,
रौदा

❖

केरकेना, ३ फेब्रुवारी १९९७

रौदा,

घरात दोन बायका असल्या की माणसाचं गुपित राहत नाही हे ठाऊक होतं. एक ट्यूनिसला असली तरी तेच, हे आता कळलं.

स्फाक्सला जाऊन आलो. शलबिया सोबत होती. लाँचवर मी तिला सगळं सांगून टाकलं. ती जी हसायला लागली, ती थांबेचना. लोक बघायला लागले. मग एकदम रडली. म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी मी तीन महिने तुझ्या अंगरख्याचा वास घेत फिरले?" मी म्हटलं, "मग बाई असती तर बरं झालं असतं का?" म्हणाली, "निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं."

अल्लालालाही कळलंय, की त्याच्या नावावर मी काय खपवलं. तो आता माझ्याशी पत्ते खेळत नाही. म्हणतो, "मी तुला पाण्यातून काढलं आणि तू मला कुठे बुडवलंस?"

आता तुझा प्रश्न. थट्टेत टाळणार होतो, पण तू थट्टा नाही म्हणालीस.

स्फाक्सला जायचो ते दुकानातून गोळ्या आणायला, डॉक्टरकडे वळतच नव्हतो. डॉक्टरच्या दारात एक मुलगी बसते, तुझ्याच वयाची. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काका, धार कशी आहे?" त्या बाकावर माझ्यासोबत लाँचवर वीस वर्षं काढलेली माणसं बसलेली असतात. मी त्या लाँचचं सुकाणू धरत होतो, रौदा. वादळात माणसं माझ्या तोंडाकडे बघायची.

दुसरं कारण असं, की पडलो म्हणून सांगितलं की होडी जाते. हे न सांगताही झालंच, पण मला तेव्हा तेवढीच एक वाट दिसत होती.

आणि तिसरं. तुझ्या पत्रात होतं, कुणी पडत नाही. तू हिशेबाने काढलेलं. तुझ्यावर माझा विश्वास आहे, तसा गोळीवर बसला. मग पुन्हा गरगरलं तेव्हा मी म्हटलं, एवढ्या माणसांना काही होत नाही, मलाच होतं, तर गोळी बरोबर आहे, मीच संपत आलोय. आपण म्हातारे झालो असं समजून गप्प बसणं सोपं असतं, पोरी. त्यासाठी बाकावर बसावं लागत नाही.

आता तू सांग, हे सगळं तुला कशाला हवं होतं?

मखलूफ

❖

ट्यूनिस, २७ मार्च १९९७

प्रिय मामा,

ईदच्या शुभेच्छा उशिरा पोचतील, मोजे मात्र वेळेवर पोचले. डावा मला होतो आणि उजवा प्राध्यापक जल्लूल यांना होईल.

कशाला हवं होतं ते सांगते. तुझं पत्र येण्याआधीच मी कॉम्प्युटरसमोर बसून एक साधा प्रश्न विचारला होता, जो आधी विचारला नव्हता. सहा महिने टिकलेल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब मी मोजला होता. पण टिकले नाहीत त्यांचं काय? पहिल्या महिन्यानंतर बरेच जण परत आलेच नव्हते. दोन वर्षं त्यांच्या नावापुढे "आले नाहीत" एवढंच लिहिलेलं, आणि हिशेब करताना मी त्यांना बाजूला ठेवलं होतं. सगळेच ठेवतात. आलेख सरळ आला होता तो म्हणूनच. जे पडले ते आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

मग तुझं पत्र आलं, आणि मी पत्ते काढून निघाले. हलफावीनच्या गल्लीत बशीर म्हणून एक निवृत्त शिंपी आहेत. विचारलं, "पडलात का?" ताठ बसून म्हणाले, "मी कधी पडलो नाही, बाई. जमीन वर आली." आतून त्यांच्या बायकोचा आवाज, "रोज येत होती! एकदा तर कपाट घेऊन आली!" बहुतेक घरांत असंच झालं. नवरे नाही म्हणायचे आणि बायका स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या.

सगळीकडे हसण्यासारखं नव्हतं. चौथ्या मजल्यावर एक जण खुब्याचं हाड मोडून वर्षभर पलंगावर आहेत. मी विचारलं, "आम्हाला कळवलं का नाही?" ते म्हणाले, "तुम्ही तपासणीला बोलावलं होतं. मी जिना कसा उतरणार होतो?" रागही नव्हता आवाजात.

प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते.

"रौदा, सोडून गेलेल्यांना मोजत नाहीत."

"सर, ते सोडून गेले नाहीत. पडले."

"तुला कुणी सांगितलं हे शोधायला?"

"माझ्या मामाने."

"तो डॉक्टर आहे?"

"नाही सर. तो पडलेला आहे."

ते चिडले. म्हणाले, तुझं मोंपेलिए याच निबंधावर आहे हे तरी लक्षात ठेव. मी म्हटलं, लक्षात आहे. तसाच वाचायचा असेल तर माझं नाव काढा. घरी आले आणि उशीत तोंड घालून रडले. हे मामीला वाचून दाखवू नकोस.

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी मला सलामही केला नाही. मग एका दुपारी टेबलाशी उभे राहून त्यांनी चौथ्या मजल्याचा पत्ता मागितला. परत आले ते कोट न काढता खुर्चीत बसून राहिले. शेवटी म्हणाले, "ती गोळी मी लिहून दिली होती. माझ्याच अक्षरात आहे. त्यांनी मला कॉफी पाजली."

एप्रिलच्या परिषदेतून निबंध काढून घेतलाय. सगळ्यांना धरून नव्याने हिशेब मांडतोय. औषध चांगलंच आहे मामा, झोप देतं, फक्त ते कसं सुरू करायचं हे आम्ही नीट सांगत नव्हतो. आता थोड्या मात्रेने, निजताना, आणि घरच्या बाईला समोर बसवून. तिसऱ्या दिवशी आपण होऊन विचारायला जायचं, त्यांच्या येण्याची वाट बघायची नाही. दारातल्या प्रश्नाबद्दलही लिहिलंय. आमच्याकडे तो आता खोलीत, दार लावून विचारतात.

मोंपेलिए दुसऱ्या मुलीला मिळालं. हुशार आहे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. प्राध्यापक म्हणाले पुढच्या वर्षी बघू, आणि कॉफी पाजली नाही, त्यावरून ते खरं बोलत असावेत.

आणि तू? होडी?

तुझी,
रौदा

❖

केरकेना, १४ एप्रिल १९९७

रौदा पोरी,

तुझं पत्र मी सगळंच्या सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. उशीचं सुद्धा. शलबियाने डोळे पुसले, मग म्हणाली, "मोंपेलिएला थंडी असते, बरंच झालं." तुझ्यासाठी तिने तळलेल्या खजुराच्या पोळ्यांचा डबा भरलाय. आता तो पोस्टमन काय म्हणतो ते कळव.

खरं सांगायचं तर तुला मोंपेलिए मिळालं नाही याचं मला फार लागलं. माझ्यामुळे, असं लिहिणार होतो. मग वाटलं, तू लगेच लिहिशील, "मामा, स्वतःला एवढं महत्त्व देऊ नकोस." म्हणून लिहीत नाही.

गोळी आता थोडीशी, निजताना घेतो. झोप लागते. शलबिया म्हणते, मी घोरतो, आधीचं बरं होतं. नव्या डॉक्टरने स्फाक्सच्या डॉक्टरचं पत्र वाचलं, माझी छाती पुन्हा ऐकली आणि म्हणाला, हृदय बैलाचं आहे. मग म्हणाला, होडीत जा, पण एकट्याने नाही.

मी म्हटलं, अल्लालाला विचारतो. शलबिया म्हणाली, "अल्लाला कशाला? तो तुला केसांनी काढतो, आणि तुझे केस किती उरलेत?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्याला फडकं बांधून होडीत येऊन बसली. चाळीस वर्षांत ती कधी माझ्या होडीत बसली नव्हती. तिला उलटी होते म्हणायची. तिला काही होत नाही, रौदा. उलट सापळ्याची वाट ती माझ्याहून बरी ओळखते. मासे जास्त मिळतात म्हणून मी गप्प असतो. ती गप्प नसते. मासे मग का येतात ते कळत नाही.

जाळी ओढायची वेळ आली की मी तू सांगितलंस तसं करतो. आधी बसतो, थांबतो, मग तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहतो. किनाऱ्यावरून बाकीचे बघतात. पहिले काही दिवस उभा राहिलो की मी पटकन हात काढून घ्यायचो.

आता गरगरत नाही, बरं का. अजिबात नाही. आणि तरी जाळी वर येईपर्यंत हात तिथेच असतो. हे तुझ्या हिशेबात कुठे बसवायचं ते तू बघ.

तुझा मामा,
मखलूफ